खाँसाहेबांची तालीम

धंतोलीतील आमच्या एका घरगुती बैठकीत ‘कट्यार काळजात घुसली’चे अभिवाचन चालले होते. पद आले की वाचणारा थबके, ओशाळून हसे आणि पुढच्या संवादाकडे वळे. तासाभरात आमच्या ध्यानात आले की खाँसाहेब आफताब हुसेन आमच्या हाती लागलेच नाहीत.

नट भूमिकेची तयारी कशी करतो, या प्रश्नाचे आपल्या वर्गांतील उत्तर बहुधा स्तानिस्लावस्कीपासून सुरू होते. आधी संहिता, मग पात्राचा शोध, मग देह आणि वाचा. प्रभाकर पणशीकरांनी ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मध्ये लखोबा लोखंडेची जी सोंगे उभी केली, ती या चौकटीत थोडीफार बसवता येतात. परंतु पणशीकरांच्याच नाट्यसंपदेने डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘कट्यार’मधील वसंतराव देशपांडे तीत मावत नाहीत.

नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे, पण वाढले नागपुरात, आणि गाण्याची तालीम त्यांना येथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे मिळाली. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात ते कृष्ण झाले. पुढे लाहोरला असद अली खाँ, नंतर सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. आणि कानात सदैव मास्टर दीनानाथांची गायकी. पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षे कारकुनी. खाँसाहेबांची भूमिका लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी तिची तालीम सुरू झाली होती, असेच म्हणावे लागते.

मौज अशी की पात्र घराण्याची विद्या मुठीत धरून बसलेले, आणि ते साकारणारा गायक मात्र कोणत्याही एका घराण्याच्या उंबरठ्यावर थांबलेला नाही. यास कोणी विसंगती म्हणेल. आम्हांस उलट वाटते. विद्येसाठी जो दारोदार फिरला, त्यालाच तिचे मोल ठाऊक. सदाशिव आपले गाणे चोरून शिकतो आहे हे उमगल्यावरचा खाँसाहेबांचा संताप तेथून येतो.

ही नटाची तयारी नव्हे, ही तर योग्य माणसाची निवड, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच गैरलागू नाही. पण २०१५ च्या चित्रपटाकडे पाहावे. तेथे खाँसाहेब सचिन पिळगावकरांनी केले आणि गळा होता वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा, ज्यांनी स्वतः ही भूमिका रंगमंचावर केली आहे. एका भूमिकेची तयारी दोघांत वाटली गेली. दुसऱ्याच्या तानेवर आपला श्वास, मान, हात बेतणे ही मेहनत लहान नव्हे, आणि ती अभिनयाचीच. रंगमंचावर मात्र तान हुकली की गायक हुकत नाही, पात्रच हुकते; तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. ती जोखीम वाटून घेता येत नाही.

पुढच्या बैठकीत पदांच्या जागी वसंतरावांचे ध्वनिमुद्रण लावावे असे ठरले. त्यांच्यामागून खाँसाहेबांचे संवाद कोणी वाचायचे, यासाठी मात्र अद्याप कोणी पुढे आलेले नाही.