बावन्न पत्ते, एक कागद आणि पावसाची वाहने

राजा, प्रधान, चोर, शिपाई. वहीचे पान फाडून चार चिठ्ठ्या करायच्या, त्या उधळायच्या आणि ज्याच्या हाती जी येईल ती भूमिका त्याने घ्यायची. चोर ओळखला गेला की गुण मांडायचे आणि पुन्हा चिठ्ठ्या उधळायच्या. मराठी घरांत सुट्टीच्या दुपारी रंगणाऱ्या या खेळात भूमिका आहे, पण तिचे आयुष्य क्षणभराचे. राजाने कसा कारभार केला किंवा चोराने चोरी का केली, हे कोणी विचारत नाही. ते विचारले जाऊ लागले की भूमिकाखेळ सुरू होतो.

या प्रकाराचा पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी लष्करी डावपेचांच्या पटखेळांतून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ घडविला. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रे. पात्राने काय करायचे ते खेळाडूने बोलून सांगायचे आणि जमले की फसले ते फाशांनी ठरवायचे. त्याचे नियम पुढे जाडजूड ग्रंथांत गेले. छोट्या, स्वतंत्र खेळांची चळवळ उभी राहिली ती याच जाडीला कंटाळून. एखाद्याने एकट्याने रचलेला, स्वतःच छापलेला, एका संध्याकाळी संपणारा खेळ हे तिचे रूप. जॉन हार्पर यांचा २०१३ मधील ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर अवघ्या एका पानाचा. त्यात खेळाडू दोन ते पाच यांपैकी एक आकडा निवडतो. काम डोक्याचे असेल तर फाशावर त्याहून कमी दान हवे, मनाचे असेल तर जास्त. एका बाजूला जो बलवान, तो दुसऱ्या बाजूला आपोआप दुबळा होतो. पात्राचा सारा स्वभाव एका आकड्यात बसविण्याची ही युक्ती अभ्यासण्याजोगी आहे.

गावगाड्याशी अधिक जवळचा खेळ मात्र दुसराच. एव्हरी ऑल्डर यांचा ‘द क्वाएट इयर’ हाही २०१३ चाच. यात कोणाकडेही स्वतःचे पात्र नसते. दोन ते चार जण मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात आणि पत्त्यांच्या जोडातील एकेक पान उलटत वर्ष पुढे नेतात. बावन्न पाने म्हणजे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. एखादे काम हाती घेतले की नकाशावर फासा ठेवायचा आणि दर आठवड्याला त्यावरचा आकडा एकाने उतरवायचा. शून्य झाले की काम पुरे. चर्चेचा नियम तर विलक्षण आहे. प्रत्येकाने एकदाच, एकदोन वाक्यांत बोलायचे, आणि चर्चेअंती निर्णय असा काही होतच नाही. ज्याला डावलले गेल्यासारखे वाटेल त्याने समोर नाराजीची एक सोंगटी ठेवावी, इतकेच. ग्रामसभेला बसलेल्यांना हा नियम परका वाटू नये! शेवटच्या ऋतूत इस्पिकचा राजा निघाला की खेळ तत्काळ थांबतो. हाती घेतलेली कामे तशीच राहतात.

हा खेळ सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटला मांडायचा झाला तर? (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट वेगळे, हे तुळजापूर तालुक्यातले, नळदुर्गच्या पुढचे.) पहिली अडचण ऋतूंची. मूळ खेळातील धास्ती हिमाळ्याची आहे. मराठवाड्यात धास्ती कोरड्या आभाळाची. ज्या भागात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे वर्ष मृगापासूनच मोजले पाहिजे. सूर्याची नक्षत्रे सत्तावीस. एकेक साधारण तेरा-चौदा दिवसांचे. म्हणजे बावन्नऐवजी सत्तावीस पाने, आणि मृगापासून हस्तापर्यंतची पहिली नऊ पावसाची. खेळ निम्म्या वेळात आटोपतो, हा वरचा लाभ.

पावसाचे दान टाकायला फासाही लागत नाही. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेले असते. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी ही नऊ वाहने. पंचांगकर्ते ते सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांवरून गणिताने काढतात. खेळात नऊ चिठ्ठ्या पुरतील. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा निघाला तर ओढ. चिठ्ठी परत डब्यात टाकायची, कारण पंचांगातही वाहन पुन्हा येऊ शकते. हवामानशास्त्राच्या कसोटीला ही वाहने उतरत नाहीत. पण खेळाला भाकीत खरे ठरण्याची गरज नसते, ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळण्याची असते.

मग खरा पेच सुरू होतो. फासा कोठे ठेवायचा? विहिरीतील गाळ काढायला दोन नक्षत्रे, पाझर तलावाला सहा. दरम्यान कोल्हा निघाला तर ऊस राखायचा की पिण्याचे पाणी? नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेला पाणीमहाल आजही उभा आहे. नकाशावर तो आधीच काढून ठेवावा की खेळाडूंना सापडू द्यावा, हाही रचनाकाराचाच निर्णय. रोहिणीचे सत्ताविसावे पान उलटले की वर्ष संपते. पुढचे मृग बरसेल की नाही, हे खेळ सांगत नाही.

असे रूपांतर करणाऱ्याने एक भेद ध्यानात ठेवावा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, कल्पनेला नव्हे तर तिच्या मांडणीला संरक्षण देतो. नकाशा आणि पत्ते वापरण्याची रीत कोणीही उचलावी. ऑल्डर यांचा मजकूर मराठीत आणून छापायचा असेल तर मात्र परवानगी घ्यावी लागते. या क्षेत्रात हा वाद कागदावरच राहिलेला नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी २००० सालचा आपला खुला परवाना २०२३ च्या जानेवारीत आवळू पाहिला, तेव्हा त्यावर पोट असलेले छोटे रचनाकार खवळून उठले. त्याच महिन्यात कंपनीला माघार घेऊन मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करावा लागला.

खर्च म्हणाल तर एक पत्त्यांचा जोड, सहा फासे, पेन्सिल आणि मोठा कागद. वेळ जातो तो चाचणीत. नियमांचा कागद अनोळखी चौघांच्या हाती द्यायचा आणि रचनाकाराने शेजारी गप्प बसायचे, अशी रीत आहे. कोणी दोनदा विचारले की ते वाक्य पुन्हा लिहायचे.