अंडाची रेषा : स्तूपाच्या घुमटाचे रेखाटन, दोरीपासून संगणकापर्यंत

'महावंस' या पाली ग्रंथाच्या तिसाव्या परिच्छेदात एक बोधप्रद प्रसंग आला आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात सिंहलद्वीपाचा राजा दुट्ठगामणी अनुराधपुरास महास्तूप उभारावयास निघाला, तेव्हा त्याने शिल्प्यास विचारले की, हा चैत्य तू कोणत्या आकाराचा करशील? शिल्प्याने सोन्याचे पात्र पाण्याने भरून घेतले, हातात थोडे पाणी घेतले आणि ते पात्रातील पाण्यावर सोडले. स्फटिकाच्या अर्धगोलासारखा एक मोठा बुडबुडा वर आला. चैत्य असा करीन, असे त्याने सांगितले आणि राजा संतुष्ट झाला.

राजाचे समाधान बुडबुड्याने झाले. परंतु गवंड्याच्या हाती बुडबुडा देता येत नाही. त्याला माप द्यावे लागते. डोळ्यांना क्षणात पटणारा तो नितळ गोलावा विटेत, दगडात किंवा काँक्रीटमध्ये उतरविण्याची रीत कोणती, ती कोणाच्या हाती होती आणि आज ती कोणाच्या हाती आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आज गावोगावी विहारे उभी राहत आहेत आणि त्यांचे नकाशे संगणकावर निघत आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा राहिलेला नाही.

भरीव स्तूप आणि दोरीचे गणित

स्तूपाची अंगे आमच्या वाचकांस परिचित आहेत. खाली वर्तुळाकार मेधी, तिच्यावर अंड, अंडाच्या माथ्यावर चौकोनी हर्मिका आणि हर्मिकेतून वर जाणारी यष्टी व छत्रे. यांपैकी अंड हेच स्तूपाचे मुख्य अंग होय. सांचीच्या महास्तूपाचा मूळ विटांचा गाभा सम्राट अशोकाच्या काळचा आहे. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढवून तो सुमारे दुप्पट करण्यात आला. आज त्याचा व्यास सुमारे १२० फूट आणि उंची सुमारे ५४ फूट आहे. तो आतून संपूर्ण भरीव आहे.

भरीवपणामुळे घुमटाच्या वजनाचा प्रश्न उरत नाही, कारण आतील भराव बाहेरील आवरणास आधार देतो. प्रश्न उरतो तो रेषेचा. जमिनीवर खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ काढणे सोपे. परंतु बांधकाम वर चढू लागले की तळाच्या केंद्रातून दोरी ताणता येत नाही, कारण मध्ये भराव आलेला असतो. मग प्रत्येक थरास केंद्र वर घ्यावे लागते आणि त्या थराची त्रिज्या वेगळी काढावी लागते. समजा, अंड नेमके अर्धगोल असून त्याची त्रिज्या ६० फूट आहे. तर ३६ फूट उंचीवर त्रिज्या ४८ फूट येते आणि ४८ फूट उंचीवर ३६ फूट. काटकोन त्रिकोणाच्या तीन, चार, पाच या प्रमाणाचाच हा खेळ आहे. सांचीचे अंड नेमके अर्धगोल नाही, माथ्याशी ते चपटे केलेले आहे. म्हणजे तेथील शिल्प्यांनी आपली रेषा विचारपूर्वक निवडली होती. सिंहली परंपरेत तर स्तूपाच्या आकारांना स्वतंत्र नावेच आहेत : घंटेसारखा, घटासारखा, बुडबुड्यासारखा, धान्याच्या राशीसारखा, कमळासारखा आणि आवळ्यासारखा.

महाराष्ट्राच्या लेण्यांत हेच काम उलट दिशेने झाले. भाजे येथील स्तूपसमूह असो वा कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तूप असो, तेथे अंड बांधलेले नाही. सभोवतीचा कातळ काढून टाकून ते मोकळे केलेले आहे. विटांच्या कामात चुकलेला थर उतरवून पुन्हा लावता येतो. कातळात एक घाव अधिक बसला तर तो भरून काढता येत नाही. आधी रेषा निश्चित असल्याखेरीज असे काम हाती घेणे शक्यच नव्हते.

ही माणसे पूर्णतः अनामिकही राहिलेली नाहीत. सांचीच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिठीपुत्र आनंद, याचे नाव आहे; त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीव काम केल्याची नोंद आहे. कार्ल्यास धेनुकाकटाच्या सामी नामक सुताराचे, कोंडाण्यास कण्हाचा शिष्य बलक याचे, तर पितळखोऱ्यास कण्हदास नामक सोनाराचे नाव आढळते. सांचीच्या दानलेखांत विणकरांचाही उल्लेख आहे. रेषा जाणणाऱ्या हातास आपले नाव दगडावर कोरण्याचा मान धम्माच्या त्या काळात होता, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

चादर, पन्हाळी छत आणि घुमट

घुमट रेखाटणे कठीण का, हे सोलापूरकरांस समजावून सांगणे सोपे आहे. सोलापूरहून फार दूर नसलेल्या तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, विटांचे एक प्राचीन चैत्यगृह आजही उभे आहे. पुढे ते त्रिविक्रमाचे मंदिर झाले. त्याचे छत पन्हाळीसारखे, म्हणजे एकाच दिशेने वाकलेले आहे. अशा छतावर सोलापुरी चादर पसरली तर ती एकही सुरकुती न पडता बसेल. तीच चादर उपड्या मडक्यावर घाला. ती कोठे ना कोठे चुणल्याशिवाय राहणार नाही. घुमट एकाच वेळी दोन दिशांनी वाकलेला असतो आणि सपाट वस्तू ताणल्याशिवाय वा चुरगळल्याशिवाय त्यावर बसत नाही. जर्मन गणिती गाऊस याने १८२७ मध्ये हे सिद्ध केले. गवंडी मात्र हे सत्य अनुभवाने पूर्वीच जाणत होते. घुमटावर पत्रा किंवा फरशी बसविताना तुकडे लहान का करावे लागतात, याचे कारण हेच.

सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूर नगरीत, याच घुमटाचे दुसरे रूप दिसते. सतराव्या शतकाच्या मध्यास पूर्ण झालेला गोल घुमट म्हणजे मोहम्मद आदिलशहाची कबर. त्याच्या घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर असून आत एकही खांब नाही. चौकोनी दालनाच्या वर एकमेकींस छेदणाऱ्या आठ कमानी घेऊन चौकोनाचा घुमटाशी मेळ घातलेला आहे. येथे घुमट पोकळ असल्याने रेषेचे महत्त्व दुणावते. भरीव स्तूपाची रेषा बिघडली तर शोभा जाईल. पोकळ घुमटाची बिघडली तर इमारत धोक्यात येईल.

या दोन परंपरा नागपूरला एकत्र आल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर वास्तुशिल्पी शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार स्तूप उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा व्यास १२० फूट आहे, म्हणजे सांचीएवढाच. परंतु सांचीचे अंड भरीव आहे, दीक्षाभूमीचे पोकळ. तेथे आत जाऊन माणसे एकत्र बसतात. पुढे ८ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईजवळ गोराई येथील विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. त्याचा घुमट एकमेकांत अडकविलेल्या दगडांचा असून त्याखाली सुमारे आठ हजार साधक खांबाच्या अडथळ्याविना बसू शकतात.

या बदलाचा एक अर्थ आमच्या समाजाने ध्यानी घ्यावा. प्राचीन भरीव स्तूपास गाभारा नाही, म्हणून कोणाला आत घ्यावे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावे, हा प्रश्नच तेथे नाही. परिघावर चालणारा प्रत्येक जण केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो. दीक्षाभूमीने अंड आतून मोकळे केले, पण ही समता सोडली नाही. आत जागा झाली आणि ती सर्वांची झाली.

मागाचे पत्ते आणि संगणक

आता संगणकाकडे वळू. त्याचा एक पूर्वज सोलापूरला नवखा नाही. फ्रान्समधील लिआँ शहरी जाकार याने १८०४ च्या सुमारास नक्षीदार विणकामासाठी भोके पाडलेल्या पत्त्यांचा माग सिद्ध केला. सोलापुरी चादरीवरील नक्षी याच जेकार्ड पद्धतीने उतरते. आलेखाच्या कागदावर कमळ काढायचे, एकेक चौकट भरायची आणि त्याप्रमाणे पत्त्यास भोके पाडायची. भोकांच्या पत्त्यांची ही कल्पना पुढे गणनयंत्रांनी उचलली. परंतु चौकटींच्या या रीतीला एक मर्यादा आहे. चादरीवरील पाकळीची कड जवळून पाहिली तर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

नितळ रेषेसाठी दुसरी वाट काढावी लागली. जहाजे बांधणारे कारागीर लवचिक लाकडी पट्टी घेत, ती वजनांनी ठरावीक ठिकाणी दाबून धरीत आणि तिच्या आपोआप येणाऱ्या बाकानुसार रेषा ओढीत. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील मोटार कारखान्यांत सित्रोएनच्या द कास्तेल्जो आणि रेनोच्या बेझिए यांनी या बाकास गणिताचे रूप दिले. मोजके बिंदू द्यावेत आणि त्यांनी ओढल्याप्रमाणे वक्ररेषा वळावी, ही ती रीत. तिच्या साध्या रूपात नेमके वर्तुळ बसत नव्हते. प्रत्येक बिंदूला कमीअधिक वजन देण्याची सोय झाल्यावर वर्तुळ आणि गोलही अचूक बसू लागले. आजच्या आरेखन-प्रणालींचा पाया हाच आहे.

या प्रणालींत अंड काढण्याची मुख्य रीत दोरीच्या रीतीहून निराळी नाही. स्तूपाच्या उभ्या छेदाची अर्धी रेषा काढावयाची आणि ती मधल्या अक्षाभोवती फिरवावयाची. गवंडी मध्यावर उभ्या केलेल्या नळीभोवती लाकडी फर्मा फिरवून गिलावा करतो, तेच हे. अक्ष म्हणजे आपली यष्टी. मात्र तीन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिले, कंगोरे. स्केचअपसारख्या सोप्या प्रणालीत वर्तुळ मुळात २४ बाजूंचा बहुभुज म्हणून निघते. वस्तीतील विहारावर १२ फूट व्यासाचा घुमट घ्यावयाचा असेल तर प्रत्येक बाजूच्या मध्याशी खऱ्या वर्तुळापासून सुमारे ०.६ इंचाचा फरक पडतो. बाजू ४८ केल्या की तो सुमारे ०.१५ इंचावर येतो. बाजू दुप्पट केल्या की फरक चौथाईवर उतरतो. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत पडद्यावर कंगोरे दिसले तरी आत गणित नितळ असू शकते. म्हणून पडद्यावरील चित्रावर न विसंबता माप तपासावे.

दुसरे, सांधा. मेधीची उभी भिंत आणि अंडाचा बाक यांची टोके केवळ जुळणे पुरेसे नाही. दोन्ही रेषांची दिशाही तेथे जुळली तर कोपरा नाहीसा होतो. बाकाचे प्रमाणही हळूहळू बदलत गेले तर चकाकणाऱ्या पृष्ठावरसुद्धा प्रकाश मोडत नाही. प्रणालीत पृष्ठावर काळेपांढरे पट्टे उमटवून हे तपासता येते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गिलाव्याचे उंचसखलपण पाहणारा मिस्त्री हीच परीक्षा घेत असतो. अर्थात स्तूपात मेधी व अंड यांच्यामध्ये प्रदक्षिणापथाची पायरी ठेवली, तर तेथे कोपरा असणेच योग्य. कोठे नितळ जोडावे आणि कोठे स्पष्ट तोडावे, हे स्तूपाची अंगे जाणणाऱ्यासच कळेल.

तिसरे, माथा. फिरविलेल्या पृष्ठाच्या सर्व रेषा माथ्यावर एका बिंदूत मिळतात आणि अर्धी रेषा तेथे अक्षाशी काटकोनात नसेल तर टोक वर येते. स्तूपात नेमके याच जागी हर्मिका बसते. हर्मिकेचा मूळ हेतू तो नव्हे. परंतु जिने हा बिंदू झाकला जातो ती हर्मिका गाळून नुसता टोकदार घुमट चढविला, तर स्तूपाचे रूपच हरवते.

रेषा कोणाच्या हाती?

येथे आमच्या मुख्य चिंतेकडे येतो. अनेक ठिकाणी विहाराचा घुमट एखाद्या छायाचित्रावरून, ठेकेदाराच्या अंदाजाने चढविला जातो. मेधी नसते, हर्मिका नसते, बाक एका बाजूस बसलेला असतो. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या दानातून हे काम झालेले असते. पुढे घुमटाला गळती लागते तेव्हा दुरुस्तीसाठी नकाशा सापडत नाही, कारण तो समितीकडे कधी आलेलाच नसतो.

शेकडो वर्षे आमच्या माणसांनी दगड फोडले, चुना मळला, भिंती उचलल्या. आराखड्याचा कागद मात्र दुसऱ्याच्या हाती राहिला. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा प्रश्न लावून धरला होता. सुताला तोंड लावावे लागते, या सबबीखाली अधिक वेतनाचे ते खाते अस्पृश्य कामगारांस बंद होते. म्हणजे गिरणी चालविण्यात आम्ही होतो, वस्त्र विणण्यात नव्हतो. आज नकाशाच्या खात्याचे दार कोणी उघडपणे बंद केलेले नाही. ते ढकलून आत जाण्याचे काम मात्र आमचे आम्हांसच करावयाचे आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आमची सर्व विहार समित्यांस काही विनंती आहे. नवे बांधकाम काढताना उभ्या छेदाचा मापांसह नकाशा आधी सर्वांसमोर ठेवावा आणि त्याची एक कागदी प्रत व एक संगणकीय प्रत विहाराच्या दप्तरी जपावी. जुन्या विहारांच्या घुमटांची मापे घेऊन ठेवावीत. त्यासाठी दोरी, ओळंबा आणि मोजपट्टी पुरेशी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखनाचे शिक्षण घेणाऱ्या वस्तीतील मुलामुलींकडे हे काम सन्मानाने सोपवावे. त्यांना सांची आणि कार्ले एकदा दाखवून आणावे, म्हणजे पडद्यावरील रेषेमागे काय आहे ते त्यांना कळेल. आणि नकाशावर, तसेच विहाराच्या कोनशिलेवर, देणगीदारांच्या नावांबरोबर रेखाटन करणाऱ्याचे आणि घुमट चढविणाऱ्या गवंड्याचे नाव अवश्य लिहावे. आनंद, सामी आणि बलक यांची नावे दोन हजार वर्षे टिकली, ती कोणीतरी लिहिण्याची तसदी घेतली म्हणून.