साहित्य म्हणजे सोबत



आमच्या डाळजला 'साहित्य काढा रे' म्हटले, तर कोणी पुस्तक काढीत नाही. टाळ, वीणा, पखवाज बाहेर येतात. ते भजनी साहित्य. शहरात मात्र साहित्य म्हणजे कथा, कादंबरी, कविता. शब्द एकच, मग खरा अर्थ कोणता?

मुळाशी जाऊ. 'सहित' असण्याचा भाव ते साहित्य. हळदकुंकू, फुले, तुळस एका ताटात आली की पूजेचे साहित्य होते. भामहाने शब्द आणि अर्थ सहित असणे यालाच काव्य म्हटले. पुढे त्या सहितपणावरून काव्यालाही साहित्य हे नाव पडले. वाङ्मय म्हणजे वाणीने भरलेले, ग्रंथ म्हणजे गुंफलेले आणि गाथा म्हणजे गायचे ते. पुण्यात 1878 साली भरले ते ग्रंथकारांचे संमेलन. साहित्य परिषद झाली ती 1906 साली.

आता आपल्या परंपरेकडे पाहा. शके 1212 मध्ये नेवाशास ज्ञानोबा बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. आधी वाणी, मग लेखणी. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी उतरून ठेवले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी तरल्या, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. तेच पाणी उजनीच्या फुगवट्यातून डाळजच्या अंगाने पुढे पंढरीस जाते आणि चंद्रभागा होते.

इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला भाग 1869 साली निघाला. त्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या जुन्या वह्या ताडून पाहिल्या गेल्या. तुकोबांच्या वैकुंठगमनाला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. इतका काळ अभंग राखले कोणी? वह्या उतरणाऱ्यांनी आणि टाळ धरून मागे उभ्या राहणाऱ्या अडाणी माणसांनी. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याच्या कंठात अक्षर राहिले. अक्षर म्हणजे तरी काय? जे क्षरत नाही, झिजत नाही ते.

म्हणून माउली, दोन्ही अर्थ खरेच आहेत. पण टाळ खुंटीला, गाथा फडक्यात आणि अभंग मोबाईलमध्ये राहिला, तर ते नुसते सामान झाले. वेगळे पडले की सामान, एकत्र आले की साहित्य.

येत्या एकादशीला एवढेच करा. घरातल्या लेकराकडून गाथेतला एक अभंग मोठ्याने वाचून घ्या. अर्थ तुम्ही सांगा आणि टाळ म्हाताऱ्याच्या हाती द्या. शब्द, अर्थ आणि नाद एका ओसरीवर येतील. त्या सोबतीत पांडुरंग वेगळा बोलवावा लागत नाही.