एका नावाचे कुटुंब

कोरियन युद्ध १९५३ साली थांबले. दक्षिण कोरियातून मुलांची परदेशी पाठवणी मात्र पुढे कित्येक दशके चालू राहिली. सुमारे २ लाख मुले अमेरिकेत व युरोपात दत्तक गेली. त्यासाठी अनेकांची ‘अनाथ’ म्हणून वेगळी कुटुंबनोंद केली जाई. तीत नाव एकच, त्या तान्ह्या बाळाचे, तेच कुटुंबप्रमुख! आणि कित्येकांचे आईबाप तर हयात होते.

१९९९ च्या कायद्याने या दत्तकांना मायदेशी राहण्याची मुभा दिली, २०११ पासून दुहेरी नागरिकत्वही मिळू लागले. काही जण सोलला परतले, प्रौढ वयात मातृभाषेची अक्षरे गिरवू लागले. देशाने त्यांना आपले म्हटले. आईचा ठाव मात्र त्या नोंदीत नव्हताच. मार्च २०२५ मध्ये सत्यशोधन आयोगाने ५६ दत्तकांच्या बाबतीत शासनाला जबाबदार धरले. तोवर आया वृद्ध झाल्या होत्या.