लेंट, लूथरपंथीय
राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, रविवार वगळून चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ. मार्टिन लूथरने उपवास मोडीत काढला नाही. ‘लघु प्रश्नोत्तरावली’त (१५२९) त्याने उपवासाला प्रभुभोजनापूर्वीची चांगली बाह्य तयारी म्हटले. उपवासाने पुण्य पदरी पडते, ही समजूत मात्र आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकाराने (१५३०) नाकारली. साहजिकच काय खावे यापेक्षा ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील प्रवचनांना महत्त्व आले. संगीतकार बाखच्या काळी लाइपझिगमध्ये लेंटभर चर्चमधील वाद्यवृंद गप्प असे. २५ मार्चचा मरियेचा सण आणि गुड फ्रायडे तेवढे अपवाद. या सक्तीच्या उसंतीचा बाखला रचनेसाठी फायदाच झाला असावा. १७२४च्या गुड फ्रायडेला संत निकोलस चर्चमधील सायंप्रार्थनेत त्याची ‘सेंट जॉन पॅशन’ ही ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील संगीतरचना प्रथम सादर झाली. प्रवचन या रचनेच्या दोन भागांच्या मध्ये होई.