धीर, दिलासा, सांत्वन : इंग्रजीत कोणता शब्द कुठे वापरावा?

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत मराठी, स्थानिक भाषा आणि इंग्रजी अशा तीन भाषा रोज बोलल्या जातात. शाळा, नोकरी, बाजार यांपुरते इंग्रजी आपण सहज निभावतो. अडचण येते ती कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, कोणी घाबरले किंवा रागावले म्हणजे. शब्दकोशात 'शांत करणे', 'सांत्वन करणे' यांसमोर आठ-दहा इंग्रजी शब्द सापडतात, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. समोरची व्यक्ती दुःखात आहे, भीतीत आहे की रागात, यावर शब्द ठरतो. म्हणून हे टिपण आम्ही त्याच क्रमाने मांडले आहे.

१. दुःख

'कन्डोलन्स' हा शब्द फक्त मृत्यूच्या प्रसंगी वापरतात. लॅटिनमध्ये 'कॉन' म्हणजे सोबत आणि 'दोलेरे' म्हणजे दुःख भोगणे. आपण 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असे लिहितो, ते या शब्दाच्या मूळ अर्थाशी तंतोतंत जुळते. परीक्षेत नापास झालेल्या किंवा नोकरी गेलेल्या माणसाला मात्र कन्डोलन्स पाठवू नये. ती थट्टा वाटेल.

'कन्सोल' म्हणजे सांत्वन करणे. हा शब्द मृत्यूसाठी चालतो, तसाच मोठ्या निराशेसाठीही. याच शब्दावरून 'कन्सोलेशन प्राइझ' आले. गणेशोत्सवातील स्पर्धांत आपण त्याला 'उत्तेजनार्थ बक्षीस' म्हणतो. इंग्रजी शब्द हरल्याचे दुःख हलके करू पाहतो, मराठी शब्द पुढच्या खेपेसाठी उभारी देतो. 'सॉलेस' हे त्याच कुळातील नाम. ते दुसऱ्याने द्यावे लागतेच असे नाही. भजनात, वाचनात, बागकामात माणसाला स्वतःहूनही सॉलेस मिळतो. मराठीत आपण याला 'विरंगुळा' आणि 'आधार' यांच्या मधले काहीतरी म्हणू.

'कम्फर्ट' सर्वांत व्यापक आहे. आपल्याकडे 'कम्फर्टेबल' म्हणजे आरामशीर, एवढाच अर्थ रुळला आहे. पण मुळात लॅटिन 'फोर्तिस' म्हणजे बळकट, आणि कम्फर्ट करणे म्हणजे बळ देणे. 'धीर देणे' याच्या सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द हाच. कम्फर्ट द्यायला बोलावेच लागते असे नाही. शेजारी बसणे, हात हातात घेणे, घरी डबा पोहोचवणे हेही त्यात येते.

२. भीती आणि काळजी

येथे 'रिअ‍ॅशुअर' हा शब्द योग्य. त्याच्या मुळाशी लॅटिन 'सेकूरुस' आहे : 'से' म्हणजे वाचून, 'कूरा' म्हणजे काळजी. आपल्या 'निश्चिंत' शब्दाची घडण अगदी अशीच आहे. ऑपरेशनपूर्वी डॉक्टर रुग्णाला रिअ‍ॅशुअर करतात. कन्सोल करत नाहीत, कारण अजून काही वाईट घडलेले नाही. ही चूक झाली तर रुग्णाच्या घरचे उलट धास्तावतील.

३. राग

रागावलेल्या माणसासाठी 'पॅसिफाय', 'प्लॅकेट' आणि 'मॉलिफाय' हे शब्द आहेत. मॉलिफायमधील 'मोलिस' म्हणजे मऊ. मराठीत राग 'निवळतो', इंग्रजीत माणूस 'मऊ' होतो. हे तिन्ही शब्द ज्याचा राग काढायचा त्याच्यासमोर उच्चारू नयेत. 'मी तुम्हाला प्लॅकेट करायला आलो आहे' म्हणजे 'तुमची मनधरणी करून तुम्हाला गप्प करायला आलो आहे' असे होईल.

'अपीज' हा शब्द तर आणखी जपून वापरावा. मूळ अर्थ शांत करणे एवढाच होता. १९३८ साली म्युनिक करारात ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी हिटलरची मागणी मान्य केली. त्या धोरणाला 'अपीजमेंट' म्हणत. पुढे महायुद्ध पेटले आणि हा शब्द कायमचा बदनाम झाला. आज तो आपल्या 'लांगूलचालन'च्या जवळ जातो.

४. लहान मूल आणि दुखरे शरीर

'सूद' हा शब्द रडणारे बाळ, खवखवणारा घसा, भाजलेली त्वचा यांसाठी सहज वापरतात. त्याचा इतिहास गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत याच्या मुळाशी 'सत्य' असा अर्थ होता. आधी 'खरे ठरवणे', मग 'समोरच्याच्या होला हो करणे' आणि शेवटी 'शांत करणे' अशी त्याची वाटचाल झाली. लहान मुलाची समजूत काढताना आपणही 'हो रे, खरंच लागलं माझ्या बाळाला' असे म्हणतोच.

'लल' म्हणजे जोजवणे, थोपटून निजवणे. त्यावरून 'ललबाय' म्हणजे अंगाई. 'रिलीव्ह' म्हणजे वेदना किंवा ताण कमी करणे. त्यामागे हलके करण्याचा लॅटिन अर्थ आहे, आणि आपलेही मन मोकळे बोलल्यावर 'हलके' होते. 'उगी, उगी' याला इंग्रजीत 'देअर, देअर' म्हणतात. येथे त्याचा 'तिथे'शी संबंध नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

'काम डाउन' ही आज्ञा आहे. वडीलधाऱ्यांना, ग्राहकाला किंवा रडणाऱ्या माणसाला ती ऐकवल्यास बहुधा उलटाच परिणाम होतो.

'आरआयपी' ही तीन अक्षरे 'शांतीने विसावो' या लॅटिन प्रार्थनेची आहेत. ती गेलेल्या व्यक्तीसाठी आहे. मागे राहिलेल्यांसाठी त्यात एकही शब्द नाही. तरुण मंडळींनी ग्रुपवर तेवढेच टाकून थांबू नये.

'सॉरी' म्हणजे नेहमी माफी नव्हे. 'आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस' म्हणजे 'तुमचे माणूस गेले याचे मला फार वाईट वाटते'. येथे 'लॉस' म्हणजे तोटाही नव्हे. एका ज्येष्ठाला कोणी असे म्हटल्यावर 'तुमचा काय दोष?' हे उत्तर येणे स्वाभाविक आहे, म्हणून घरातल्यांनी हा अर्थ आधीच सांगून ठेवावा.

'समाधान' शब्दाचे भाषांतर करताना बोलणारा कुठला आहे ते पाहावे. मराठीत समाधान म्हणजे तृप्ती, हिंदीत समस्येवरचा तोडगा, तेलुगूत उत्तर, आणि कन्नडमध्ये 'समाधान' करणे म्हणजे सांत्वन करणे. बेळगाव, इंदूर आणि हैदराबाद येथील मुले या एकाच शब्दासाठी वेगवेगळे इंग्रजी शब्द निवडतील, आणि आपापल्या जागी ती बरोबरच असतील.

पत्र किंवा संदेश लिहिताना

इंग्रजीत शोकसंदेश तीन-चार वाक्यांचा पुरतो. पहिल्या वाक्यात दुःख व्यक्त करावे. दुसऱ्यात गेलेल्या व्यक्तीचे नाव घेऊन तिची एक खरी आठवण लिहावी. तिसऱ्यात नेमकी मदत सुचवावी : 'काही लागले तर सांगा' यापेक्षा 'गुरुवारी जेवण मी आणते' हे घेणाऱ्याला सोपे जाते. 'देवाची इच्छा' किंवा 'सुटले बिचारे' यांचे शब्दशः भाषांतर टाळावे. मराठीत आपुलकीने म्हटलेले हे शब्द इंग्रजीत कठोर वाटतात.

आणि समोरच्याला मराठी कळत असेल, तर मराठीतच लिहावे. दुःखाच्या वेळी आपल्या भाषेतली एक साधी ओळही पुष्कळ धीर देते.