अहवालातील अनावश्यक ओळी

अहवालातील अनावश्यक ओळी : बिझनेस इंटेलिजन्स (बीआय) प्रणालीतून काढलेल्या अहवालात क्वेरीतील (माहिती मागवणाऱ्या आज्ञेतील) दोषामुळे उतरणाऱ्या जादा, दुबार किंवा असंबद्ध ओळी. कार्यालयात याला ‘एंट्री डबल येते’ असे म्हणतात. क्वेरी सुरळीत चालते, संगणक कोणतीही चूक दाखवत नाही आणि बेरीज मात्र फुगते. त्यामुळे अजिबात न उघडणाऱ्या अहवालापेक्षा असा अहवाल अधिक घातक ठरतो.

सेलूचे उदाहरण : महाराष्ट्रात सेलू नावाचे दोन तालुके आहेत, एक परभणी जिल्ह्यात, दुसरा वर्धा जिल्ह्यात. कापूस दोन्हीकडे पिकतो, त्यामुळे कापसाच्या अहवालात कोणताही सेलू वावगा वाटत नाही. समजा, बाजारातील कापसाच्या आवकेच्या तक्त्यात फक्त तालुक्याचे नाव आहे आणि जिल्हा तालुक्यांच्या मास्टर यादीतून घ्यायचा आहे. जोडणी (जॉइन) नुसत्या नावावर केली, तर परभणीतील सेलूची १०० क्विंटलची एकच पावती परभणीखाली दिसते आणि वर्ध्याखालीही. राज्याच्या बेरजेत ती २०० क्विंटल होते. ‘जिल्हा परभणी’ अशी अट लावली की दुबार ओळ जाते, पण वर्ध्याच्या सेलूतील पावत्या परभणीच्या नावावर चढतात. म्हणजे अहवाल दिसायला नीट, पण आकडा चुकीचाच. कर्जत (रायगड, अहिल्यानगर), खेड (पुणे, रत्नागिरी), मालेगाव (नाशिक, वाशीम) आणि कळंब (धाराशिव, यवतमाळ) या तालुक्यांबाबतही हेच घडते.

इतर कारणे : (१) एकास-अनेक नाते : एका पावतीचे पैसे तीन हप्त्यांत दिले असतील, तर पावत्या व देयके जोडताच तिचे वजन तीनदा मोजले जाते. (२) बेरजेच्या ओळी : जनगणनेच्या अनेक तक्त्यांत एकाच तालुक्यासाठी एकूण, ग्रामीण व नागरी अशा तीन ओळी असतात, तिन्ही मिळवल्या की लोकसंख्या बरोबर दुप्पट होते. (३) जुन्या नोंदी : १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मास्टरमध्ये कळमनुरी किंवा वसमतची जुनी नोंद बंद केलेली नसेल, तर तो तालुका दोन्ही जिल्ह्यांखाली येतो. (४) कंसाविना अट : ‘परभणी किंवा वर्धा, आणि वर्ष २०२३’ ही अट कंसाशिवाय लिहिली, तर एसक्यूएल ही क्वेरीची भाषा ‘आणि’ आधी सोडवते, परिणामी परभणीची सगळीच वर्षे येतात. (५) लेखनभेद : ‘सेलू’, ‘सेलु’ किंवा नावापुढची न दिसणारी मोकळी जागा यांमुळे एकाच तालुक्याच्या दोन ओळी होतात.

शोध : आधी एकच संशयित ओळ निवडावी आणि तिच्या जुळ्या ओळीशी रकान्यागणिक ताडून पाहावी. ज्या रकान्यात फरक आढळतो, तो ज्या तक्त्यातून आला तिथेच बहुधा दोष असतो. त्यानंतर सगळ्या जोडण्या काढून मूळ तक्त्यातील ओळी मोजाव्यात व एकेक जोडणी परत लावत प्रत्येक वेळी मोजणी करावी. संख्या जिथे उडी घेते, ती जोडणी तपासावी. मास्टरमध्ये एकच किल्ली (की) एकाहून अधिक वेळा आली आहे का, हे ‘ग्रुप बाय’ व ‘हॅविंग काउंट’ लावून लगेच कळते.

उपाय : जोडणी नावावर न करता संकेतांकावर करावी. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत (एलजीडी) प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र संकेतांक आहे. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याचा संकेतांक ५१३, तर वर्ध्याचा ५०४ आहे. संकेतांक नसेल तर निदान जिल्हा व तालुका दोन्ही जुळवावेत. देयकांची पावतीवार बेरीज आधी करून मगच जोडणी करावी. जुन्या नोंदींना ‘पासून’ व ‘पर्यंत’ अशा तारखा द्याव्यात.

‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळींपैकी एकच ठेवणारी आज्ञा) लावून ओळी दडपणे हा उपाय नव्हे. एका शेतकऱ्याने एकाच दिवशी १२-१२ क्विंटलच्या दोन गाड्या घातल्या आणि अहवालात पावती क्रमांक घेतला नसेल, तर त्या दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. ‘डिस्टिंक्ट’ त्यातली एक पुसून टाकते आणि खरोखर आलेला १२ क्विंटल माल हिशेबातून जातो. म्हणून कोणतीही ओळ काढण्यापूर्वी ती का आली, हे सिद्ध करणे अत्यावश्यक आहे.